पाइपवरचा डबा

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मी माझ्या काकांवर जिवाच्या आकांताने ओरडलो होतो. शिकून परतल्यावर तिलवारा गावच्या आमच्या शेतात मी मोठ्या जिद्दीने केबिन बांधली. सेप्टिक टँकचा गॅस वर निघावा म्हणून छतावर पाइप काढला. माकडं त्यात काही टाकतील म्हणून काकांनी त्यावर डबा ठोकून बसवला. चार दिवसांत केबिनमधला संडास वासाने भरला आणि काका आत अगरबत्ती लावायला निघाले.

“काका, काडी ओढू नका! गॅस कोंडलाय आत!”

“अबे, बारूद कारखान्यात जिंदगी गेली माझी. तू मले शिकवून राहिला?”

“तिथे गेटवर काडीपेटी जमा करून टोकन घेत होता न? हेही गेटच समजा!”

काका थबकले. हळूच मागे फिरून त्यांनी काडीपेटी माझ्या हातात दिली आणि तळवा पसरला.

“टोकन?”