पंधरा सेकंदांचा हिरवा दिवा

मी, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (सिग्नल दुरुस्ती कारागीर), राहणार पाण्याच्या टाकीमागील वसाहत, दुसरा मजला, आज गुरुवारी सकाळी ११.२० वाजता पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते ते असे :

मी वरील ठिकाणी पती व मोठ्या नणंदेसह राहते. नणंद शिवणकाम करतात. डावा गुडघा आखडल्याने काठी घेऊन चालतात. मी त्यांना वन्सं म्हणते.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या विभागाने दवाखान्यासमोरच्या चौकात नवी पद्धत बसवली. बिनचालक गाडी चौकापासून किती लांब आहे, हे ती स्वतःच सिग्नलच्या पेटीला कळवते. अशा तीन किंवा जास्त गाड्या एकत्र येत असल्या, की पेटी पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा चोवीसऐवजी पंधरा सेकंद ठेवते. गाड्यांचा खोळंबा होत नाही.

मंगळवारी दुपारी ४.४० वाजता वन्सं दोऱ्याची रिळं घेऊन परत येत होत्या. निम्म्या रस्त्यात त्यांचा दिवा लाल झाला. बिनचालक गाडी त्यांना ओळखून जागीच थांबली. शेजारच्या रांगेतील टेम्पोवाल्याला त्या गाडीआड दिसल्या नाहीत. त्याने त्यांना उडवले. त्याने सिग्नल तोडला असे सगळे म्हणतात. आज आत येताना तो बाहेरच्या बाकावर बसलेला दिसला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

वन्संचे खुब्याचे हाड मोडले आहे. शुद्धीवर आहेत. "मी हिरवा बघूनच पाऊल टाकलं गं. हिरवा असला की बिनधास्त जायचं, असं तूच सांगितलंयस ना?" असे त्या मला म्हणाल्या. मी त्यांची उशी सरळ केली.

बुधवारी सकाळी ८.१० वाजता मी चौकात गेले. आमचे इंजिनिअर साहेब आधीच तिथे होते. पेटी उघडी होती, त्यांचा लॅपटॉप तिला जोडलेला होता. साहेब अकराच्या आत कधी येत नाहीत. मी विचारले, "साहेब, एवढ्या सकाळी?" ते म्हणाले, "सहज. गंज बिंज चढलाय का बघत होतो." पेटी नवी कोरी आहे. ते गेल्यावर मी तपासले. वेळ सगळीकडे चोवीस होती. मागच्या नोंदींत पंधराचा मागमूस नव्हता. नोंदी त्यांनीच बदलल्या असा माझा संशय आहे. बदलताना मी डोळ्यांनी पाहिलेले नाही.

दुपारी दोनच्या सुमारास साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "ते नव्या सिग्नलच्या चाचणीचं पत्रक तुझ्याकडेच आहे ना? आणून दे, फाईल नीट लावायचीय. आणि घरच्या माणसाचं प्रकरण आहे, तू यात न पडलेलं बरं." चार वर्षांत साहेबांनी माझ्याकडे एकही कागद मागितलेला नाही. पत्रक घरी आहे, असे मी सांगितले. ते माझ्या पिशवीत होते.

रात्री पतीला हे सांगितले. ते म्हणाले, "त्यावर सही तुझी आहे. साहेब नामानिराळे राहतील आणि तू अडकशील. तो टेम्पोवाला आपला कोण लागतो?" मी ताटं घेतली.

मूळ पत्रक मी आज हजर करीत आहे. त्यावर "पंधरा सेकंद, चाचणी समाधानकारक" असे लिहिले आहे. अक्षर व सही माझी आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. चाचणीच्या वेळी रस्ता मी स्वतः चालून ओलांडला. मला तेरा सेकंद लागले. वन्सं कशा चालतात, हे मला तेव्हाही माहीत होते.

टेम्पोवाल्याचा दिवा हिरवा होता, असे माझे म्हणणे आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात "घाईत सही केली" असे आले होते. "घाईत" हा शब्द मी बोललेले नाही, म्हणून तो खोडून घेतला. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.