शांत बसलेली माशी

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर यायचा होता. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याचं डोकं फोनमध्ये.

"अगं, कीटकांच्या ग्रुपवरचे प्राध्यापक म्हणतायत, ही मधमाशी नाहीच. मधमाशीचं सोंग घेतलेली साधी माशी आहे."

"म्हणजे चावत नाही?"

"छे! गरीब गाय आहे."

"मग परवा स्टुलावर चढून कोण बोंबलत होतं?"

"ते सोड. दुर्मीळ आहे म्हणे. त्यांनीसुद्धा आजवर फक्त चित्रात पाहिलीये."

"आणि आली ती नेमकी आपल्या खिडकीत. नशीब बाई एकेकीचं."

"फोटोत पंखांवरच्या रेषासुद्धा दिसतायत, म्हणूनच ओळखता आली. वरून, बाजूनं, खालून, सगळीकडून काढलेत मी."

"खालूनसुद्धा? आणि कुणाला शंका नाही आली?"

"शंका कसली? माझ्या संयमाचं कौतुक चाललंय. ही माशी क्षणभर एका जागी ठरत नाही म्हणे. प्राध्यापक विचारतायत, तुम्ही ती इतकी शांत कशी बसवलीत? काय लिहू?"

"खरं ते लिहा. चपलेनं."