सईला कडेला कोणी टाकलं?

माझं कोण ऐकतंय! चौथी शिकलेली बाई, तिला अमेरिकन फुटबॉलमधलं काय कळणार? आमची सई इथे परदेशात, क्रेगीबर्नला क्लबात खेळते. फेकलेला बॉल झेलून पळायचं काम. मी आधीपासून सांगत होते, "पोरगी खो-खोची आहे. आत गर्दीत खेळवा, चटकन वळून निसटेल. कडेला सुसाट पळणारी लागते, हिला सरळ धावताना कुणीही गाठतं."

आमचे हे हसले. "अगं, ती उंच आहे. उंच पोरी कडेलाच शोभतात. तू पोह्यांचं बघ."

शोभतात म्हणे! आत गर्दीत पोरगी साताऱ्याच्या वन्संना व्हिडिओ कॉलवर दिसत नाही, हे खरं दुखणं. यांनी कोचला पटवलं आणि राज्याच्या टीमची निवड होती त्याच दिवशी सई कडेला.

बॉल आला, सईने झेललाही. रेषेला चिकटून हे फोन धरून उभे. "सई, आत्याला हाय कर!"

पोरीने वळून बघितलं. मागून आलेल्या धिप्पाड मुलीने सईला, यांना आणि फोनमधल्या आत्याला एकदमच आडवं केलं.

निवड करणारी बाई तरातरा आली. "सेकंड हाफला हिला आत खेळवून बघते. पण कडेला टाकायची आयडिया कोणाची?"

हे चिखल झाडत म्हणाले, "वी ऑल डिसायडेड, मेट."

"आई, सांग ना!" सई ओरडली.

लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय मी यांचं नाव घेतलेलं नाही. पण तेव्हा उखाणा जुळवायला वेळ कुठे होता?

"विलास!"