बापूंचा श्वास

(देवास. वेदपाठशाळेची ओसरी. आत तोंडी परीक्षा चालू आहे.)

देवश्री : हात बघ माझे. बर्फ झालेत.

राजनंदिनी : दे इकडे. अगं, तुला सगळं पाठ आहे. शाळेच्या प्री-बोर्डला तर तू गाणं गुणगुणत गेली होतीस.

देवश्री : पाठ आहे म्हणूनच घाबरून राहिलेय. पाठच चुकीचा असला तर?

राजनंदिनी : मतलब?

देवश्री : 'सहस्र' म्हण.

राजनंदिनी : सह... स्र.

देवश्री : मध्ये का थांबलीस?

राजनंदिनी : तिथे श्वास घ्यायचा असतो ना. सगळेच घेतात. मुलांच्या वर्गातला यशराज भिया तर असा ओढतो, जणू तलावात उडी मारायचीय.

देवश्री : धारच्या पाठशाळेत कुणीच घेत नाही. आत्याकडे गेले होते तेव्हा खिडकीशी उभी राहून ऐकलं. आणि खरंच आहे की, सहस्र म्हणजे हजार, एकच शब्द. आपण हजाराचे तुकडे करतो.

राजनंदिनी : बाप रे. आत परीक्षक धारचेच आहेत.

देवश्री : आणि शेजारी आपले मुख्य गुरुजी, भैयासाहेब. मी मध्ये थांबले तर धारचे शास्त्रीजी नापास करतील. नाही थांबले तर भैयासाहेब म्हणतील, मुलींना शिकवायला गेलो आणि थोरल्या गुरुजींचा, बापूंचा पाठ बिघडला. आपला वर्ग बंद करायला त्यांना निमित्तच पाहिजे.

राजनंदिनी : बाई आल्या. विचार.

देवश्री : तू विचार.

राजनंदिनी : वा गं, नंबर तुझा आणि मी विचारू?

सगुणाबाई : काय कुजबुज चाललीय गे? देवश्री, वेणी सुटलीय तुझी.

देवश्री : बाई, सहस्रमध्ये आपण का थांबतो?

सगुणाबाई : बापूंनी तसं शिकवलं म्हणून. आपल्याकडे पुस्तक उघडायचं नाही, गुरूच्या तोंडून ऐकायचं. देवासची पाठशाळा ओळखतात ती ह्यासाठीच.

देवश्री : पण बापू का थांबायचे?

राजनंदिनी : बाई? दाराकडे काय बघताय?

सगुणाबाई : हळू बोला. दार उघडं आहे... सासरे होते माझे. दमा होता त्यांना.

राजनंदिनी : म्हणजे आम्ही इथे दमा शिकून राहिलोय?

सगुणाबाई : हसू नकोस. बोलता बोलता त्यांना हवा कमी पडायची. समोरच्या मुलांनी ऐकलं तसं उचललं. पुढे तीच मुलं गुरुजी झाली.

देवश्री : तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?

सगुणाबाई : भैयासाहेब थोरले दीर माझे. एकदाच विषय काढला होता. म्हणाले, 'मग काय, धारवाले व्हायचं आपण?' मी पदर सावरला आणि आत गेले. तुम्हालाही तसंच शिकवलं.

देवश्री : मग आता मी काय करू?

सगुणाबाई : मला विचारू नकोस, बाळ. मलाही भीती वाटते.

राजनंदिनी : देवश्री, नाव पुकारलं.

देवश्री : थांब, वेणी तरी बांधू दे.

सगुणाबाई : इकडे बघ. बापूंना हवा कमी पडायची. तुला पडते?

देवश्री : नाही.

सगुणाबाई : जा मग.

राजनंदिनी : गेली. दार लोटलं. बसली. नमस्कार केला. बाई, तिचा आवाज थरथरतोय.

सगुणाबाई : फटीतून बघू नये असं... काय करताहेत ते?

राजनंदिनी : शास्त्रीजींनी डोळे मिटलेत. भैयासाहेब मांडीवर बोटांनी ठेका देताहेत. जवळ आलं बाई, आता 'सहस्र'च येणार.

सगुणाबाई : ऐकू दे.

राजनंदिनी : म्हणाली. अख्खं म्हणाली. थांबली नाही.

सगुणाबाई : भैयासाहेब?

राजनंदिनी : बोटं थांबलीत. तिच्याकडे बघताहेत नुसते. ती पुढे म्हणतेय... आवाज पण नाही कापत आता. बाई?

सगुणाबाई : हं.

राजनंदिनी : ती थांबायची जागा मागे पडली. तुम्ही श्वास घ्या.