म्या एक फूल तोडलं न्हाई

परत सांगू व्हय? आवं, काल आकरा जनास्नी सांगून नरडं बसलं माजं, आन् आज तुमी आलाय पायरीवर फतकल मारून! कुनी धाडलं? न्हाई, नाव नगा सांगू, मला ठावं हाय. आत चुलीम्होरं बसून फिदीफिदी हसतीया ती. बरं, सांगतो. पन एक आदी कानात घालून ठेवा, म्या एक फूल तोडलं न्हाई!

तर तुमास्नी सांगतो, मिरजंला डोळ्याचं आपरेशन झालं. आट वरसं समदी दुनिया ताकात बुडवल्यागत दिसायची, कोन मानूस आन् कोन खांब, काय कळत नव्हतं. आता काळा चष्मा आला, आन् आमची नात अंकिता, शिरवळला कंपनीत हाय, ती म्हनली, "आजोबा, नवीन डोळे आलेत ना? मग आधी काहीतरी भारी बघायचं! साताऱ्याकडं केवढी मोठी बाग झालीय, नुसती फुलझाडं!" म्या म्हनलं, झाडं बगाय तिकीट? माणदेशात शेरडामेंढरामागं जल्म गेला माजा, झाड दिसलं की सावली बगायची, फूल कोन बगतंय! पन आमची मंडळी, रंगुबाई, ती आदीच नवं लुगडं नेसून गाडीत म्होरं बसलेली. इचारलं कुनी मला? छ्या!

आन् गड्या... आत पाय टाकला आन् खुळाच झालो की! जास्वंद म्हंजे भाकरीएवढी एकएक! लाल, पिवळी, गुलाबी, एक तर शेंदरात लोन्याचा गोळा टाकल्यागत! आन् त्यो बोगनवेल? समदा चढ पेटलाय आन् धूर तेवढा न्हाई! म्या बगतोय, बगतोय, आन् चष्म्याच्या आतनं पानीच आलं. तर अंकिता, "आजोबा, रडू नका, डॉक्टर ओरडतील!" आता ह्या डोळ्यांनी रडायचं बी डाक्टरला इचारून?

आन् एक बगून तर टाळकंच फिरलं. घाणेरी! आवं, जी उपटून उपटून हाताची सालटी गेली माजी, मेंढराच्या रानात जिला पाय टेकू दिला न्हाई, तिला हितं ठिबक! भवतीनं दोरी! वर इंग्रजीत नावाची पाटी, जनू तालुक्याची सायबीन! हात शिवशिवला माजा, खोटं कशाला सांगू. पन अंकितानं दुसरी पाटी वाचून दावली, फुलं तोडू नका, दंड व्हईल. म्या दोनी हात मागं बांदलं. तवापास्नं म्या एक फूल तोडलं न्हाई!

मग अंकिता गेली पानी आनाय, रंगुबाई रेंगाळली जास्वंदीपाशी, आन् म्या आलो पार कडंला. तितं कन्हेर. वळीनं. नुकतीच छाटलेली. आन् छाटलेल्या फांद्या कुटं? तर कुंपनापल्याड ढीग! दोन दिसाच्या, सुकाय लागलेल्या. आन् त्या ढिगाकडं येत्यात बावीस शेरडं... मोजली म्या, नवं डोळं हायत, बावीस!

तुमास्नी काय वाटंल, खाऊद्यात की. आवं, उब्या कन्हेरीला शेरडू त्वांड लावत न्हाई, कडू इख असती. पन कापून सुकाय लागली की कडूपना मरतो, इख मरत न्हाई. दुस्काळात जित्राब घिऊन किस्नाकाटी गेल्तो, तवा कुन्या बंगल्यावाल्यानं अशाच फांद्या वाटंवर टाकल्या हुत्या. सांजपातूर आकरा शेरडं पाय झाडत माज्याम्होरं गेली. आकरा! आता हितं कुनाला वरडू? शेरडास्नी काय पाटी वाचाय येतीया?

मग काय! उटलो आन् सुटलो! "हुर्रर्र! हेऽऽऽ हुर्रर्र!" जास्वंदीच्या वळीतनं आडवा, दोरीवनं उडी, घाणेरीतनं सरळ, लय बरं वाटलं, खरं सांगतो, आन् म्होरं कुंपनाला त्यो बोगनवेल! घुसलो आत! म्या पल्याड पोचलो आन् धोतर अल्याडच राहिलं काट्यावर, लोंबत! थांबतो व्हय म्या? डोक्याला पटका, डोळ्याला काळा चष्मा, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी, आन् हातात ढेकळं! एका करडाच्या तोंडात डहाळी हुती, बोट घालून काडली भाईर!

आता शेरडावाला, दादासो म्हनून, बाभळीखाली मोबाईल बगत बसल्याला, त्यो धावला, "ए म्हाताऱ्या! माज्या शेरडास्नी ढेकळं हानतोस?" अल्याडनं वाचमन शिट्टी फुकत आला, "बाबा, दंड भराय लागंल!" म्या म्हनलं, कशाचा दंड? म्या एक फूल तोडलं न्हाई! त्यो म्हंतो, "फूल न्हाई, बारा झाडं मोडली की!" आन् मानसं हीऽऽ जमली! मग त्यानं हाळी दिली, "कुनाचा हाय ह्यो म्हातारा?"

आन् रंगुबाई, म्होरंच हुबी! लगीन हून पन्नास वरसं झाली आमचं! पदर तोंडाला लावून म्हंती कशी, "काय की बाई... आमचा न्हवं!"

आरं! आमचा न्हवं?

तेवड्यात दादासोची नजर ढिगाकडं गेली. त्वांड पांडरं पडलं त्येचं. "आरं द्येवा, कन्हेर!" म्हनला आन् माजं पायच धरलं, "आबा, चुकलं, घरदार वाचीवलंसा." बावीसच्या बावीस हुबी, मोजली आमी दोगांनी. मग वाचमननं हात जोडलं, बागंच्या सायबानं तर माफी मागून वर च्या पाजला, दंड सोडला, ढीग उचलायला लावला. अंकितानं धोतर सोडवून आनलं, हसत हसतच, त्येला धा भोकं!

आन् ही? गाडीत बसलो, म्या त्वांड फिरवून. इचारलं शेवटाला, का गं, पन्नास वरसाचा नवरा वळकला न्हाईस? तर हिनं हळूच लुगड्याची वटी सोडली. आत पाच जास्वंदी! लाल, पिवळी, आन् ती शेंदरी बी! "बिरोबाला घेतल्याती," म्हंती, "तुमास्नी आमचं म्हनलं असतं तर वाचमन माज्याकडं वळला नसता व्हय? आन् आवं, बिनधोतराचं तुमास्नी चारचौघात कवा बगितलंय म्या, वळकू कशी?"

आता बोला! शेरडं वाचीवली म्या, काटं टोचलं मला, चड्डीत फोटू निगालं माजं, आन् म्या एक फूल तोडलं न्हाई! दादासोनं माफी मागितली, वाचमननं मागितली, सायबानं मागितली... एकीची तेवडी राहिलीया. आन् ती काय मागत न्हाई आता, ह्या जल्मात न्हाई. कोन? आवं, तीच की, जिनं तुमास्नी हितं धाडलंय... रंगुबाई!