भिंतीवरची कणगी

मोजा की साहेब, ही घ्या पट्टी – भिंतीवरच्या जाहिरातीत नफ्याचा आकडा चार बोटं, तर खालची ओळही चार बोटं, 'मागचा नफा पुढे मिळेलच असे नाही' – एक वेलांटी कमी नाही. नियमाला धरून आहे सगळं. संस्थान विलीन झालं, दरबारच्या कचेरीतली माझी खुर्ची गेली, तेव्हापासून त्या मुंबईच्या कंपनीचा सल्लागार म्हणून मोखाड्यात बसलोय, पण भिंतीवर एक शब्द खोटा लिहिला नाही. कंपनी बुडाली, त्यात माझा काय दोष? – काही नाही, बरोबर!

हं, ते चित्र होय? ते आपलं असंच – इथे वाचतो कोण, साहेब? बाजाराला लोक यायचे, जाहिरातीकडे ढुंकून बघायचे नाहीत. म्हणून भागीला बोलावलं, लग्नघरी भिंतीवर देवाचा चौक लिहिणारी बाई ती – म्हटलं, तांदळाच्या पिठानं एक कणगी काढ आणि शेजारी शिगोशीग भरलेल्या दोन. बघा तुमचं परिपत्रक, चित्राबद्दल अवाक्षर नाही! पण या लोकांचं कसं – लग्नाच्या भिंतीवर भागीच्या हातनं उतरतो तो देव. मग ही कणगी तरी नुसतं चित्र कशी राहील? हात जोडायला लागले हो! मला ठाऊक होतं – म्हणजे, ठाऊक कुठलं, अंदाज होता.

पोशेरा गावची पोशी आली. नवरा गेलेला, मुलगा नवशा लग्नाचा. मुलीकडच्यांना देज द्यायचं म्हणून पायातले चांदीचे वाळे विकून पैसे कंपनीत ठेवायला आली – दुप्पट होईल, लग्न नीट होईल. चित्राला नमस्कार केला, आणि मग – काय मनात आलं कोण जाणे – त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "वामनदादा, ह्या खाली काय लिवलाय?" कुणी कधी विचारलं नव्हतं साहेब. ती एकटीच. आणि मी काय म्हणालो असेन? – म्हणालो, कंपनीचं नाव आहे.

नाही, हे लिहू नका... नाही, लिहा! लिहा ना!

पैसे बुडाल्यावर भांडली असती तर बरं झालं असतं. डोक्यात दगड घातला असता तरी चाललं असतं. ती मुलगी दुसऱ्या घरी गेली, नवशा गाव सोडून गेला, आणि ही मला म्हणते, "माझाच काय चुकला असंल दादा, कणगीला उपाशी ठेवली मी." दर बाजाराला डोंगर उतरून येते, मूठभर नाचणी भिंतीशी ठेवते, जाते. स्वतःच्या तोंडचा घास हो तो! दोनदा चुन्याचा कुंचला हातात घेतला – हात उठत नाही. पुसलं तर तिला वाटेल, देवही गेला. रडू येतं साहेब, माझ्यासारख्या माणसाला रडू येतं.

काय लिहिलंत? वाचा बघू... 'सर्व नियमानुसार.' एवढंच?

बरं. उठा आता, जव्हारची गाडी लागली असेल. आणि भिंतीकडून जाताना पाय जपून टाका – खाली नाचणी आहे.