गावकरी जेवतात तिथंच जेवा

...आणि झाकण उचललं की वाफ येणारच ना हो? वाफ चष्म्यावर बसणार, चष्म्यावर बसली की त्या पाहुण्या बाईला दिसणार नाही, दिसलं नाही की झाकण हातातून सुटणार, आणि सुटलं ते कुठं, तर बरोब्बर माझ्या बायकोच्या पायावर! स्तामातिया सकाळपासून भट्टीत बोकड लावून बसलेली, आमच्या खानावळीतल्या तिच्या स्वयंपाकघरात ही परकी माणसं रांगेनं उभी, जो तो एकेक पातेलं उघडून नाक घालतोय, आणि ती बिचारी पायावर पाणी ओततेय तर त्यातलाच एक तिचा फोटो काढतोय. का? तर म्हणे अनुभव घ्यायचाय!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या बिर्गिटबाईनं केलं. डेन्मार्कची. ऐन थंडीत आली होती, आमच्या गावात कुत्रं फिरकत नाही तेव्हा. खानावळीत कोण? फक्त थ्रासोसचं टेबल. थ्रासोस म्हणजे माझा कुंबारोस, लग्नात माझ्या डोक्यावर मुकुट ठेवला तो हा, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवतो, सोबत गावातले तीन-चार म्हातारे. ताटं आवरली की तो आणि मी पट मांडतो, सोंगट्यांवरून आईबाप काढतो, आणि मग मला झोप लागते. तर ही बाई कोपऱ्यात एकटी. आता एकट्या परक्या माणसाचा पेला रिकामा आणि आपण पितोय, हे आमच्यात जमत नाही, घास उतरत नाही हो घशाखाली. थ्रासोसनं हात वर केला, मला म्हणाला, "आर्गिरी, बाईंना अर्धा किलो दे." आमच्याकडे वाइन किलोवर मागतात, बटाट्यासारखी. बाईनं पेला उंचावला, म्हाताऱ्यांनी उंचावले, कोणीतरी गाणं म्हटलं, बाई थोडी रडली. झालं! इथंच संपायला हवं होतं की नाही? नाही संपलं. बाईनं घरी जाऊन सल्ले लिहिले, ग्रीसला जाणाऱ्यांसाठी, व्यावहारिक! 'गावकरी जेवतात तिथंच जेवा', आणि खाली माझ्या खानावळीचा पत्ता.

आणि काय काय लिहिलं बाईनं! स्वयंपाकघरात शिरून पातेली उघडून बघा, हेही तिचंच. ग्रीक माणूस रात्री दहाच्या आत जेवत नाही. मग ही मंडळी दिवसभर उन्हात भाजून, भुकेनं डोळे पांढरे करून, संध्याकाळीच येऊन टेबलं अडवणार आणि पाणी पीत दहा वाजायची वाट बघणार. म्हटलं, अहो, जेवा की! "नको नको, आम्ही तुमच्यासारखंच." आमच्यासारखं? मी सातला जेवतो, मला पित्त आहे! सॅलड संपलं की ताटात उरलेल्या तेलात पाव बुडवून खा, असं लिहिलंय, तर हे सॅलड बाजूला सारून आधी तेलच पुसून खातात. आणि ते टेकडीवरचं जुनं थिएटर, तिथं मधोमध उभं राहून काडेपेटीची काडी ओढली तर शेवटच्या पायरीवर आवाज येतो, हेही बाईचंच. अहो, ऑगस्टात! गवत वाळून कडकडीत झालेलं, आणि हे काड्या ओढतायत! आमचा पहारेकरी वांगेलिस खालून ओरडतोय, "विझवा! विझवा!", घसा बसला त्याचा, आणि वरच्या पायरीवरचे खूश, वा, काय स्पष्ट ऐकू येतं! रोमन आले, तुर्क आले, भूकंप झाले, त्या थिएटराला काही झालं नाही. पण तोवर अनुभव घ्यायला कोणी आलं नव्हतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एक सल्ला असा लिहिला त्या बाईनं, की माझं घरच बसलं. 'भिंतीजवळच्या टेबलावर म्हातारे बसतात. ते तुम्हाला वाइन पाठवतील. नाही म्हणू नका.'

आता बघा हं. भिंतीजवळ थ्रासोस, आजूबाजूला सगळी टेबलं भरलेली, कोणी काही मागवत नाही, सगळे म्हाताऱ्यांकडे बघून गोड हसतायत. थ्रासोस घास उचलतो, सगळ्यांचे डोळे त्याच्या हाताबरोबर वर. हात खाली, डोळे खाली. आधी पाठवली हो त्यानं, सगळ्यांना पाठवली, पेन्शनीतून. मी म्हटलं, "अरे, माझ्याकडून जाऊ दे." तर माझ्यावरच उखडला, "माझ्या टेबलावरनं गेली ती माझी. तू कोण लागून गेलास?" मग पाठ करून बसायला लागला. ही माणसं पाठीकडे बघून हसायला लागली. आणि एके दिवशी टेबल रिकामं.

गेले कुठं? रस्त्यापलीकडे, बाबिसकडे! त्या बाबिसकडे, ज्यानं दारात जेवणाच्या रंगीत फोटोंचा बोर्ड लावलाय, आत दिवा पेटतो त्याच्या, आणि वांग्या-खिम्याचा मुसाका बर्फातून काढतो तो वीट म्हणून बांधकामाला चालेल. बेकरीत गाठलं मी थ्रासोसला. "कुंबारे, तिथलं खातोस?"

"खात नाही रे, नुसता चावतो. पण शांतपणे चावतो. बाईनं लिहिलंय ना, फोटोवाल्या बोर्डाकडे फिरकू नका. कोणी येत नाही. माझा पेला, माझा मी पितो."

माझी खानावळ तुडुंब आणि मी एकटा. राग आला, खोटं कशाला बोलू, पण रागाहून जास्त वाईट वाटलं. पट नुसता पडून. वर एक जण येऊन मला विचारतो, "ते म्हातारे किती वाजता सुरू होतात?" सुरू होतात! कारंजं आहे का ते? त्याच संध्याकाळी कमरेचं फडकं सोडलं, दिवे मालवले, म्हटलं, आज बंद, घ्या अनुभव. स्तामातियानं बोकडाचं पातेलं माझ्या हातात दिलं, "ने. त्या बाबिसचं खाऊन दात पडतील म्हाताऱ्यांचे."

तुम्हाला काय सांगू, पातेलं घेऊन बाबिसकडे गेलो, तर थ्रासोसनं नुसती खुर्ची सरकवली, "उशीर केलास." बाबिसनं ताटं आणली, तोही आमच्यात जेवायला बसला, बिचारा किती दिवसांनी गरम जेवत होता देव जाणे. पट मांडला. मला हसू येत होतं.

आणि दार उघडलं. दोघं, नवरा-बायको, सँडलमध्ये मोजे, हातात फोन. आधी बोर्डाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि तोंडं अशी उजळली! नवरा कुजबुजला, "गावकरी!"

मी म्हटलं, "कोणी वर बघू नका." सगळ्यांनी ताटात डोकी घातली. दोघं कोपऱ्यात बसले. नुसते बसलेत आपले, रिकामे पेले पुढ्यात घेऊन. थ्रासोसची मिशी हलायला लागली. मी टेबलाखालून त्याचं मनगट पकडलं. "हात खाली ठेव. माझी शपथ आहे तुला. आज पाठवलीस तर उद्या इथंही रांग लागेल."

"घास उतरत नाही रे, आर्गिरी."

"पाणी पी."

प्यायला तो पाणी. पेला खाली ठेवला. आणि तेवढ्यात आवाज आला, "बाबिस, त्या दोघांना अर्धा किलो दे."

मी थ्रासोसकडे बघितलं. थ्रासोस माझ्याकडे बघत होता. त्याचा हात मी घट्ट धरून ठेवला होता हो... वर गेला होता तो माझा.